मतदार यादीतली माहेरची नावं

मी पत्रकं लिहिते. सोळाव्या वर्षापासून लिहिते आहे. पत्रकात माणूस जागा तरी असतो नाहीतर गुलाम तरी, मधला माणूस तिथे बसत नाही. हे लिहिताना तीच सवय आड येते आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. बाई पहिली निवडणूक हरल्या त्याचं खापर जालन्यात आजही त्यांच्याच डोक्यावर फुटतं. बाई हट्टी, बाईंना माणसं सांभाळता येत नाहीत, बाईमाणसाला कोण मत देतं, असं सगळं म्हणून झालं. त्या माझ्यामुळे हरल्या.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. मस्तगडात मुलींची शाळा होती, चौथीपर्यंत. बाईंचं माहेर राजूरकडचं, शेतकऱ्याचं घर. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा गेला. सासऱ्याने परत माहेरी धाडलं, भावाने शिकवलं. निजामाच्या राज्यात मराठी शिकून बाईमाणसाने मास्तरीण व्हायचं म्हणजे काय, ते मला सांगायला नको, मी त्यांच्याच हातची छडी खाल्ली आहे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्यानंतर सहा महिन्यांत बाईंनी पाचवीचा वर्ग काढला. सरकारने काढला नाही, बाईंनी काढला.

त्यासाठी खोली हवी होती. शाळेच्या शेजारी बलदियाची एक खोली रिकामी पडून होती. बलदिया म्हणजे नगरपालिका. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडून ते गेलं नव्हतं. बाईंनी अर्ज केला, चकरा मारल्या आणि शेवटी खोली मिळाली. पाचवी झाली, मग सहावी. शाळा सुटल्यावर बाई चार ते सहा तिथे शिकवायच्या, बिनपगारी. नऊ मुली होत्या. त्यातली एक माझी धाकटी बहीण.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वाईट नव्हते. हे मला लिहावं लागतं, कारण माझ्या जुन्या पत्रकांत सगळे बाप वाईट आहेत. त्यांनी आईला सांगितलं होतं, "खोली हाय, बाई हाय, तोवर जाऊ दे तिला. सातवी झाली तर झाली. पण पोरांच्या शाळेत न्हाई धाडायची मी." बाकी आठ घरांतही थोड्याफार फरकाने हेच बोलणं झालं असणार. खोली होती म्हणून मुली शिकत होत्या. खोली गेली तर मुलींना बसायला दुसरी जागाच नव्हती.

आणि बलदियाने ती खोली सरकी साठवायला द्यायचा ठराव केला.

जालन्यात जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघते हे ठीक आहे. पण सरकीला दुसरी जागा मिळत नव्हती असं नाही. ज्या मेंबराच्या जिनिंगची सरकी होती, त्याला तीच खोली हवी होती, कारण ती रस्त्याला लागून होती आणि गाडी दारापर्यंत येत होती. बाई त्याच्याकडे गेल्या. तो अदबीने बोलला. म्हणाला, "बाई, तुमचं काम चांगलंच हाय. पण ठराव झाला ना. आता निवडणुका हायेत, नवीन मंडळी येतील, त्यांना सांगा."

तिथून बाई आमच्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "नवीन मंडळीत मीच गेले तर?"

मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मला स्वतःला मत नव्हतं. सरकारी नोकराला निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं. म्हणजे बाईंना आधी राजीनामा द्यावा लागणार होता. त्या चार दिवस गप्प होत्या. त्या चार दिवसांत मी त्यांना किती बोलले. "बाई, तुम्ही पगाराला बांधलेल्या आहात का मुलींना?" असंही एकदा म्हणाले. हे वाक्य माझ्या एका पत्रकातलं होतं, फक्त तिथे बाईंच्या जागी कामगार होते. पाचव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

आमच्या वॉर्डात त्याआधी कुठलीही बाई उभी राहिली नव्हती. गुलाबी कागदावर पत्रकं छापली. बाई सभेत बोलायला उभ्या राहिल्या की मागून कोणी तरी म्हणायचं, "पाढे म्हणा, पाढे." बाई म्हणायच्या, "एकोणतीसचा म्हणते, तुम्ही मागून म्हणा." मग हशा व्हायचा आणि तो माणूस गप्प बसायचा. त्या चांगल्या बोलत. माझ्यासारखं ओरडत नसत.

पण खरी भानगड यादीची होती. मतदारांची यादी करणारे कारकून घरोघर गेले होते, ओसरीवर बसून पुरुषांकडून नावं लिहून घेत होते. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, आणि परक्या माणसाला बाईचं नाव सांगायला घरचा पुरुष तयार नसतो. म्हणून बायकांच्या जागी लिहिलं गेलं, अमक्याची बायको, तमक्याची आई, फलाण्याची सून. मग वरून हुकूम आला की ज्या बाईला स्वतःचं नाव नाही, तिचं मत कापलं जाईल. दुरुस्तीचे अर्ज भरायला थोडे दिवस दिले होते. पुरुषांना त्याची घाई नव्हती. कारकुनांना तर बिलकुल नव्हती.

बाईंनी आम्हा तिघी मुलींना कामाला लावलं. दुपारी पुरुष बाहेर असताना घरांत जायचं, चुलीपाशी बसायचं, नाव विचारायचं, अर्ज भरायचा, अंगठा घ्यायचा. निघताना बाईंनी बजावलं, "गल्लीत ज्या नावानं हाक मारतात, तेच नाव लिहायचं. सासरचं. दुसरं काही लिहायचं नाही."

मी विचारलं, "का?"

"कारण मतदानाच्या दिवशी गल्लीच समोर बसलेली असणार आहे."

मी हो म्हणाले.

माझ्या वाट्याला मस्तगडातली एक लांब गल्ली होती. चतुर्थीच्या दिवशी अर्धी गल्ली राजूरला गणपतीला गेलेली, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. पहिल्या घरात मी विचारलं, "तुमचं नाव?" तिने सासरचं सांगितलं. सगळ्यांना माहीत असतं तसं मलाही माहीत होतं की लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून जुनं नाव संपतं. आजवर मी त्यावर विचार केला नव्हता. त्या दिवशी केला आणि माझं डोकं फिरलं. ज्या हुकमाने बाईला स्वतःचं नाव दे म्हटलंय, त्या हुकमाखाली मी दुसऱ्याने दिलेलं नाव लिहू? जनावराला डाग देतात तसं?

मी म्हणाले, "हे नाही. तुमचं खरं नाव सांगा."

ती हसली. "खरं म्हंजे कोणतं माय?"

"आईनं ठेवलेलं."

ती पोळी लाटत होती. हात थांबला. दारातून कोणी येत नाही ना ते बघून तिने हळूच सांगितलं. मग म्हणाली, "लई वर्सांनी तोंडातून निघालं. माझंच मला कसंतरी वाटून राह्यलं."

त्यानंतर मला कोणी थांबवू शकलं नसतं. घर घर करत सगळी गल्ली मी माहेरच्या नावांनी भरून काढली. बायका लाजल्या, हसल्या, एकमेकींची नावं ऐकून तोंडाला पदर लावला. शेजारशेजारी वीस वर्षं राहणाऱ्या दोघी जावा, त्यांना एकमेकींचं माहेरचं नाव पहिल्यांदा कळलं. एक म्हातारी तर रडली. मला वाटलं, क्रांती म्हणतात ती हीच. मी घरी येऊन रात्रीच्या जेवणाला बसले ते गाणं गुणगुणत.

बाईंना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "सगळं बरोबर भरलंस ना?" मी म्हणाले, "बराबर." अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीत गेले. बाईंनी ते पाहिलेच नाहीत, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मतदान शेजारच्या गल्लीतल्या मुलांच्या शाळेत होतं. बायकांच्या टेबलापाशी अधिकारी, आणि बाजूला उमेदवारांचे प्रतिनिधी. सरकीवाल्या मेंबराने आपला प्रतिनिधी म्हणून त्याच गल्लीतला एक म्हातारा बसवला होता. कोणाचा चुलत सासरा, कोणाचा मोठा दीर, बाकीच्यांचा गावनात्याने मामंजी. त्याच्यासमोर गल्लीतली एकही सून पदर खाली पाडत नव्हती, मोठ्याने बोलत नव्हती.

मी बाहेर रस्त्यावर उभी होते. आत काय झालं ते मला बाहेर येणाऱ्या बायकांकडून कळलं.

पहिली आली ती तीच, पोळी लाटणारी. मी विचारलं, "झालं?"

"कशाचं झालं. साहेबानं यादीतलं नाव वाचलं. माझंच नाव. मामंजी म्हणले, ही आमच्या पुतण्याची बायको हाय, पण हे तिचं नाव न्हाई. साहेब मला म्हणला, बाई, तुमचं नाव काय? आता मामंजीच्या म्होरं मी माहेरचं नाव घेऊ व्हय? मी सासरचं सांगितलं. मंग साहेब म्हणला, जुळत न्हाई."

"मग नवऱ्याचं नाव विचारलं असेल ना?"

"विचारलं की. ते तरी कसं घेऊ?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तू म्हणली होतीस खरं नाव लिव्हते."

त्या म्हाताऱ्याने एक शब्द खोटा सांगितला नाही. आजही माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे आणि त्याने केलेलं काहीही बेकायदा नव्हतं. तो दर बाईच्या वेळी तेच म्हणत होता. मी तिला ओळखतो, पण हे तिचं नाव नाही. त्याला खरोखरच ती नावं माहीत नव्हती. त्याच्या दारातून ती नावं कधी आत आलीच नव्हती.

एकामागून एक त्या बाहेर येत राहिल्या. मी कोपऱ्यावरून गल्लीत धावले, ज्या निघायच्या होत्या त्यांना सांगायला की आत जाऊन माहेरचंच नाव सांगा, मोठ्याने सांगा. एकीची सासू दारातच होती. म्हणाली, "काय गं, आमच्या सुनेचं नाव बदलायची चिठ्ठी तूच लिहिली व्हय? तुला अधिकार कोणी दिला?" एकीने मात्र केलं. तिने आत जाऊन पदर सावरून माहेरचं नाव स्पष्ट सांगितलं, आणि मत टाकून आली. तिच्या घरात त्यानंतर तिच्याशी कोण किती दिवस बोललं नाही ते मी नंतर ऐकलं. बाकीच्या परत फिरल्या. जाताना एक जण म्हणाली, "जाऊ द्या बायांनो, एका दिवसापुरतं माहेर मिळालं, तेवढंच." सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

बाई ज्या फरकाने हरल्या, तो त्या एका गल्लीने भरून निघाला असता आणि वर उरलं असतं. मी ते मोजलं. दोनदा मोजलं.

बाईंनी मला विचारलं, "त्या गल्लीत असं कसं झालं?" मी म्हणाले, "कारकुनांनी घोळ केला असणार." पत्रक लिहिणाऱ्याला कारकुनाला शिवी देणं फार सोपं असतं. त्यावर मी एक पत्रकही लिहिलं. चांगलं लिहिलं. लोकांनी वाचलं. बाईंनीही वाचलं.

आठ दिवसांत खोलीला कुलूप लागलं. मग सरकीच्या गोण्या आल्या. बाई नोकरी परत मागायला गेल्या, तर वरच्या साहेबांनी सांगितलं की राजकारण केलेल्या बाईला मुलींसमोर उभं करता येणार नाही. त्यांनी घराच्या ओसरीवर वर्ग धरला. पहिल्या आठवड्यात पाच मुली आल्या. पुढच्या आठवड्यात दोन. ओसरी खोलीसारखी नव्हती, रस्त्यावरून दिसायची, आणि बाई आता नुसत्या बाई राहिल्या नव्हत्या. बैलगाडीवर उभं राहून पुरुषांच्या घोळक्यात बोललेली बाई होती ती. लोक समोरून नमस्कार करायचे आणि मुलगी घरात ठेवायचे.

आमच्या वडिलांनी एवढंच म्हटलं, "खोली गेली." बहिणीने पुस्तकं पाटीखाली ठेवली. पुढच्या वर्षी लग्नसराईत केदारखेड्याचं स्थळ आलं. शेतीवाडीचं, चांगलं घर. चौदा वर्षांची होती. मी घरात भांडले, जेवले नाही, बापाला सनातनी म्हटलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग कुठं बसवू तिला? सांग." मांडवात ताटात तांदूळ पसरले गेले, अंगठी फिरली, आणि माझ्या बहिणीला मी ज्या नावाने लहानपणापासून हाक मारत होते ते नाव तिथेच राहिलं.

बाकीच्या आठजणींचंही दोनेक वर्षांत उरकलं.

पुढच्या निवडणुकीला बाई पुन्हा उभ्या राहिल्या. तोवर राज्य बदललं होतं, आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. या वेळी याद्या आल्या तेव्हा मी एकेक नाव गल्लीत वाचून, विचारून, सासरचं आहे ना ते पाहून घेतलं. बाई निवडून आल्या. बलदियातली पहिली बाई. पहिल्या बैठकीला दारावरच्या कारकुनाने विचारलं, "आपण कोणाच्या वतीने आलात?" बाई म्हणाल्या, "माझ्या." त्याने तरीही रजिस्टरात सहीसाठी वडिलांचं नाव मागितलं. आत खुर्च्या होत्या तेवढ्या भरल्या होत्या. त्या अर्धा तास उभ्या होत्या, मग कोणाला तरी लाज वाटली. सफाईची कमिटी दिली, कारण बायकांना केरवाऱ्याचं कळतं. बाईंनी तीही मन लावून केली. आणि वर्ष-दीड वर्ष भांडून खोली परत मिळवली.

कुलूप काढलं त्या दिवशी मी सोबत होते. सरकीच्या तेलाचा वास भिंतीत मुरला होता. जमीन काळी झाली होती, उंदरांनी फळा खाली पाडून कुरतडला होता. आम्ही दोघींनी सोड्याने घासून फरशी धुतली. पाचवीचा वर्ग पुन्हा सुरू झाला तीन मुलींवर. शिकवायला नवी मास्तरीण आली. बाईंना शिकवता येत नव्हतं, त्या आता मेंबर होत्या. त्या दाराबाहेर बाकावर बसून ऐकायच्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. हातात काही नसायचं. पूर्वी हातात खडू असायचा.

त्या बाकावर मी त्यांना सांगितलं. गल्ली, अर्ज, माहेरची नावं, कारकुनांवरचं पत्रक, सगळं.

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा डोक्यावरून हात फिरवतील. या दोन गोष्टींची मी तयारी केली होती.

आत मुली भूगोल वाचत होत्या. बाई म्हणाल्या, "मला का सांगतेस? माझं काय गेलं? नोकरी गेली. ती मी दिली होती." आणि मग म्हणाल्या, "नऊ होत्या. त्यांना जाऊन सांग."

"बाई, त्या आता घरसंसारात…"

"म्हणूनच."

त्यानंतर त्यांनी माझ्याशी नगरपालिकेच्या कामाखेरीज फारसं काही बोलायचं सोडलं. अजूनही तसंच आहे. मी गेले की बसायला सांगतात, चहा देतात, पाण्याच्या नळाचं काय झालं ते सांगतात.

मी गेले. सहाजणी सापडल्या. एक जालन्यातच, मस्तगडापासून हाकेच्या अंतरावर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता काय करायचं म्हणता?" एक हसली, म्हणाली, मला तर वाटलं तुम्ही मतासाठीच आलात. एकीच्या नवऱ्याने दारातूनच परत पाठवलं. एकीला खोली आठवत होती, निवडणूक आठवत नव्हती. दोघींचा पत्ता अजून लागलेला नाही, आणि एक बाळंतपणात गेली होती.

बहिणीकडे मी सगळ्यांत शेवटी गेले. आठ वर्षांत मी तिच्याकडे दिवाळीला गेले, बारशाला गेले, तेव्हा कधी सांगितलं नाही.

केदारखेड्यात कापसाची वेचणी चालू होती. ती शेतात होती, कमरेला ओटी बांधून. मी बांधावर उभी राहिले तर म्हणाली, "आक्का, उन्हात उभी राहू नको, तिकडं लिंबाखाली बस. एवढी ओळ झाली की आले." मी बसले नाही. तिच्या शेजारच्या ओळीत शिरले आणि वेचता वेचता सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगता आलं म्हणून बरं वाटलं.

तिचे हात थांबले नाहीत. बोंड धरायचं, कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा. मला वाटलं तिने ऐकलंच नाही.

मग ती म्हणाली, "म्हंजे खोली तुझ्यामुळं गेली."

"हो."

"तू तवाच घरात का न्हाई बोलली? दादा तुझंच ऐकायचे. तू सांगितलं असतंस की चूक माझी हाय, तर तुला लाज वाटली असती म्हणून तरी काही केलं असतंस. वर्षभर ओसरीवर तूच शिकवलं असतंस मला. तुला येत होतं की सगळं."

हे मला आठ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी भांडले होते, जेवण सोडलं होतं, पत्रक लिहिलं होतं. तिला शेजारी बसवून सातवीचं पुस्तक उघडायचं मला सुचलं नव्हतं.

मी म्हणाले, "सुचलं नाही गं."

"हां," ती म्हणाली. एवढंच.

ओळ संपली. तिने ओटीतला कापूस बांधावर पसरलेल्या जुन्या धोतरावर रिकामा केला, गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "डोक्यावर दे." मी उचलून दिलं. ती बांधावरून पुढे निघाली, मी मागून. वाटेत तिची जाऊ भेटली, तिने विचारलं, "बहीण आली व्हय? जेवून जातील ना?" बहीण म्हणाली, "जेवून जाईल."

घर येईपर्यंत ती पुढे आणि मी मागे असंच चाललो. जाऊ दे आक्का, झालं ते झालं, असं ती आता म्हणेल, मग म्हणेल, याची मी वाट बघत होते. गाठोड्याखालून तिची मान ताठ दिसत होती. ती म्हणाली नाही.